तासभर गप्प बसणारे लोक युद्धाविरुद्ध नेमकं करतात काय?

एका वाचकाचा प्रश्न आलाय. नोकरीसाठी सहा महिन्यांपूर्वी ते पुण्याहून शेफील्डला आलेत. शेजारच्या आजींनी त्यांना येत्या रविवारी क्वेकरांच्या, म्हणजे इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्मातून निघालेल्या एका पंथाच्या, ‘मीटिंग’ला, उपासनेच्या सभेला बोलावलंय. ते विचारतात: हे ओट्सच्या डब्यावरचे का? विपश्यनेसारखं असतं का? गेलो तर ख्रिस्ती करून घेतील का? आणि ‘आम्ही शांततेसाठी काम करतो’ असं आजी सांगतात, पण नुसतं गप्प बसून कसली शांतता येणार?

मी मूळची सांगलीची. यॉर्कशायरमधल्या एका लहानशा मीटिंगमध्ये एकवीस वर्षं जातेय आणि त्यातली सहा वर्षं तिथली क्लार्क होते. क्लार्क म्हणजे सभेचा अध्यक्ष आणि चिटणीस, दोघं एकाच खुर्चीत. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

ओट्सचं आधी उरकते. अमेरिकेतल्या एका गिरणीवाल्यांनी १८७७ साली क्वेकर माणसाचं चित्र ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं, कारण क्वेकर दुकानदार मापात पाप करत नाही अशी ख्याती होती. पंथाचा त्या डब्याशी एवढाच संबंध. चॉकलेटवाले मात्र खरेच यांच्यातले: कॅडबरी, राउंट्री, फ्राय. जुन्या काळी हे लोक शपथ घ्यायला तयार नसत, त्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी आणि सरकारी पदं त्यांना बंद होती. मग उरला धंदा.

आता रविवारचं. मीटिंग हाउस बाहेरून बहुतेक साध्या घरासारखंच दिसतं. आत क्रॉस नाही, वेदी नाही, मेणबत्ती नाही, पाद्री नाही. खुर्च्या गोल मांडलेल्या, मधे एक टेबल, त्यावर कुणाच्या तरी बागेतली फुलं, एखादं बायबल आणि इथल्या क्वेकरांचं लाल पुठ्ठ्याचं पुस्तक. सुरुवात झाली असं कुणी जाहीर करत नाही. पहिला माणूस येऊन बसला की मीटिंग सुरू झाली. तुम्ही दहा मिनिटं लवकर गेलात तर हे तुमच्या डोळ्यांसमोर घडेल: कोट काढताना चाललेली कुजबुज दारातच थांबते, आणि खोलीत येणारा प्रत्येकजण पाण्यात पाय टाकावा तसा आत येतो.

पहिली दहा मिनिटं तुमच्या डोक्यात सोमवारची कामं असतील. रेडिएटर टकटक करेल. कुणाचं तरी पोट गुरगुरेल, बहुधा तुमचंच. मग कधीतरी कुणीतरी उभं राहतं, दोनतीन मिनिटं बोलतं आणि बसतं. त्यावर कुणी मान डोलवत नाही, उत्तर देत नाही, दुरुस्ती सुचवत नाही. ते बोलणं खोलीत मुरू देतात. काही रविवारी पूर्ण तासात एकही शब्द निघत नाही. काही रविवारी लाह्या फुटाव्यात तसे एकामागून एक उठतात, आणि त्या सभेला इथले लोक खरंच ‘पॉपकॉर्न मीटिंग’ म्हणतात. वसंतात कुणी उठून आपल्या अंगणातल्या फुलांवर गोड बोललं की त्याला मागे ‘डॅफोडिल’ म्हणतात. मी स्वतः पहिल्यांदा उठले ते डॅफोडिलच होतं. आमच्या सांगलीच्या घरच्या पारिजातकावर बोलले. अजून आठवलं की कान गरम होतात.

तास संपला की एल्डर म्हणून, म्हणजे मीटिंगची काळजी घ्यायला, नेमलेले दोघं हस्तांदोलन करतात, मग सगळेच शेजाऱ्याशी करतात. संपलं. मग सूचना आणि चहा-बिस्किटं.

विपश्यनेशी तुलना बऱ्याच मराठी लोकांना सुचते, कारण घरात कुणी ना कुणी इगतपुरीला जाऊन आलेलं असतंच. फरक असा. विपश्यनेत तंत्र आहे, गुरूचा आवाज आहे, आणि शेजारी शंभर माणसं असली तरी प्रत्येकाचं काम ज्याचं त्याचं. क्वेकरांकडे तंत्र नाहीच. श्वासाकडे बघा असंही कुणी सांगत नाही. इथे सगळे मिळून एका गोष्टीची वाट बघत असतात, आणि ती गोष्ट कुणाच्याही तोंडून येऊ शकते. म्हणून एकट्यानं घरी बसून हे होत नाही असं जुनी माणसं मानतात. कधीकधी, वर्षातून दोनतीनदा म्हणा, खोली एकदम घट्ट होते. कुणाचीच हालचाल नाही, आणि सगळ्यांना कळतं की सगळ्यांना कळलंय. त्याला ‘गॅदर्ड मीटिंग’ म्हणतात. वर्णन करायला गेलं की ते पोचट होतं, सोडून देते.

या सगळ्याच्या मुळाशी एकच वाक्य आहे: प्रत्येक माणसात देवाचं काहीतरी आहे. जॉर्ज फॉक्स नावाच्या, १६२४ साली लेस्टरशायरमध्ये जन्मलेल्या विणकराच्या मुलानं ते गावोगाव सांगितलं. १६५२ मध्ये तो लँकशायरमधल्या पेंडल टेकडीवर चढला, पुढे फर्बँक फेलच्या उघड्या माळावर मोठ्या जमावापुढे बोलला, आणि तिथून पंथ पसरला. आपल्याला त्या वाक्याचं नवल वाटणार नाही. सर्वांभूती ईश्वर हे आपण कीर्तनात ऐकत मोठे झालो. नवल पुढे आहे. या लोकांनी त्या वाक्याचा हिशेब रोजच्या व्यवहाराला लावला.

देव सगळ्यांत सारखा, तर साहेबापुढे टोपी का काढायची? काढली नाही, तुरुंगात गेले. खरं बोलायचंच आहे, तर कोर्टात शपथ कशाला? शपथ घेतली म्हणजे एरवी खोटं बोलायची मुभा झाली. घेतली नाही, पुन्हा तुरुंग. वस्तूची किंमत एकच, मग घासाघीस कशाला? आणि मराठी माणसाला इंग्रजांपेक्षा लवकर कळेल अशी एक गोष्ट: तेव्हाच्या इंग्रजीत आपल्यासारखंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ होतं. क्वेकर सगळ्यांना ‘तू’ म्हणायचे. मोलकरणीला तू, जमीनदाराला तू, न्यायाधीशालाही तू. भर कोर्टात न्यायाधीशाला अरे-तुरे केल्यावर काय होत असेल ते तुम्हीच ताडा. आजही इथे कुणाला श्री-सौ, डॉक्टर, सर लावत नाहीत. ऐंशी वर्षांच्या बाईंना नुसत्या नावानं हाक मारायला मला दोन वर्षं लागली. मनातल्या मनात ‘आजी’ जोडायचे.

त्याच हिशेबात युद्ध बसतं. समोरच्यात देव असेल तर त्याला मारता येत नाही, मग राजा काहीही म्हणो. जानेवारी १६६१ मध्ये लंडनमध्ये दुसऱ्याच एका पंथाचं सशस्त्र बंड झालं आणि सरकारनं सरसकट सगळ्या बंडखोर पंथांना पकडलं. हजारो क्वेकर आत गेले. तेव्हा फॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी दुसऱ्या चार्ल्स राजाला लेखी निवेदन दिलं की कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही सबबीखाली आम्ही शस्त्र उचलणार नाही. त्याला हे लोक ‘टेस्टिमनी’ म्हणतात, साक्ष. कोर्टातली साक्ष असते तशीच: मत नव्हे, स्वतःच्या अंगावर घेतलेली गोष्ट.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. आपला ‘शांतता’ हा शब्द इथे फार कामाचा आहे. वाचनालयातल्या पाटीवर ‘शांतता राखा’ असतं, आणि गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात बसते तीही ‘शांतता समिती’. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून इथल्या नवख्या माणसाला पहिलीचा दुसरीशी काय संबंध ते समजावून सांगावं लागतं. माझ्या मते या दोन शांततांच्या मधे एक वेगळीच खोली लागते: महिन्या-दोन महिन्यांनी भरणारी कामकाजाची सभा. रविवारचा तास सोपा आहे हो. कुणीही गप्प बसू शकतं. क्वेकर कोण ते कळतं छताच्या गळतीवर चर्चा सुरू झाल्यावर.

आपल्याकडची हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा डोळ्यांसमोर आणा. तिघं एकदम बोलतात, पार्किंगवरून जुनं भांडण निघतं, शेवटी हात वर करून ठराव होतो, इतिवृत्त सेक्रेटरी आठवड्यानं घरी बसून लिहितात, आणि पुढच्या सभेत ‘असं ठरलंच नव्हतं’ म्हणून पुन्हा भांडण. आमच्याकडे मतदान नाही. कधीच नाही. सभा शांततेनं सुरू होते आणि शांततेनं संपते. बोलायचं ते क्लार्ककडे बघून, शक्यतो एका विषयावर एकदाच. दोन बोलण्यांच्या मधे थोडी जागा सोडायची. आधीच्याचा मुद्दा खोडायला उठायचं नाही, आपल्याला दिसलेलं तेवढं मांडायचं. कुणी आपल्या मनातलंच बोलून गेलं असेल तर आपण उठायचं कारण नाही. क्लार्क ऐकतो, आणि सभा कुठे येऊन पोचली आहे असं त्याला वाटतं ते तिथेच, सगळ्यांसमोर, कागदावर लिहितो. तो लिहीत असताना बाकीचे गप्प बसून त्याला मनोमन आधार देतात. मग तो वाचून दाखवतो आणि विचारतो, हे मान्य आहे? यावर इथले लोक ‘येस’ म्हणत नाहीत. म्हणतात ‘होप सो’. म्हणजे आशा आहे की आपण बरोबर ऐकलंय. शब्द बदलायचा असेल तर तिथेच बदलतो. खोली सोडताना इतिवृत्त पक्कं झालेलं असतं.

हे एकमत नव्हे, आणि कुणाला नकाराधिकारही नाही. सहा जण नाराज असूनही कधी सभा पुढे जाते, आणि कधी एकाच माणसाच्या अस्वस्थतेपायी थांबते. कुठे थांबायचं हे ओळखणं क्लार्कचं काम. ते मला एकदा जमलं नाही, ते सांगते.

२०१४ चा सप्टेंबर. पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षं झाली म्हणून गावात सगळीकडे लाल पॉपीची फुलं (ती इथे मेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी लावतात), सैनिकांचे फोटो, दुकानांच्या काचांत तोफा. आमच्यातल्या तरुणांनी सुचवलं की मीटिंग हाउसच्या कठड्यावर मोठा फलक लावू, युद्धाला नकार असा. मला मनापासून पटलं. मी मसुदा आधीच लिहून नेला होता. तेवढं चालतं, पण सवय वाईट. पाच-सहा जण बोलले, सगळे फलकाच्या बाजूनं. मग खिडकीपाशी बसणाऱ्या एक बाई उठल्या, वय ८६. त्यांचा मोठा भाऊ १९४४ मध्ये कोहिमाला मारला गेला होता, तेव्हा त्या सोळा वर्षांच्या. (मी भारतातली म्हणून त्या माझ्याशी कोहिमाबद्दल असं बोलत जसं ते सांगलीच्या पुढचं स्टेशन. अंतर सांगायचं मी कधीच सोडून दिलं होतं.) त्या एवढंच म्हणाल्या, “फलक ओरडतो. मला ओरडायचं असतं तर मी इथे कशाला आले असते?” आणि बसल्या.

मी थांबायला हवं होतं. घड्याळात बारा वाजत आले होते, पुढे बॉयलरचा विषय होता. मी मसुदा वाचला, विचारलं मान्य आहे का. ‘होप सो’, ‘होप सो’ असे आवाज आले, खिडकीकडून आला नाही. मला तो न आलेला आवाज नीट ऐकू आला होता. तरी सही केली.

पुढच्या रविवारी ती खुर्ची रिकामी. त्याच्या पुढच्याही. एल्डरांपैकी दोघं माझ्याकडे घरी आले, चहा प्यायले, आणि अर्ध्या तासानं त्यातला एक म्हणाला, “तू त्या दिवशी जे लिहिलंस ते सभेचं होतं की तुझं?” ओरडून बोलला असता तर मी भांडले असते. ऑक्टोबरच्या सभेत मी विषय पुन्हा उघडला आणि माझी चूक इतिवृत्तात लिहून घेतली. त्या आल्या होत्या. त्या दिवशी दीड तास गेला, बॉयलर तसाच राहिला. फलक लागला नाही. त्याऐवजी स्मृतिदिनाच्या रविवारी, गावातलं संचलन संपल्यावर, आम्ही मीटिंग हाउसचं दार सताड उघडं ठेवलं, आत शांत खोली, बाहेरच्या खोलीत चहा, आणि एका टोपलीत पांढरी पॉपीची फुलं. पांढरी पॉपी १९३३ पासून इथे युद्धात मेलेल्या सगळ्यांसाठी, दोन्ही बाजूंच्या, सैनिक नसलेल्यांसाठीसुद्धा लावतात, आणि त्यावरून दरवर्षी कुणीतरी चिडतंच. एकूण नऊ माणसं आत आली. त्यातली एक, छातीवर लाल पॉपी लावलेली, मुलगा अफगाणिस्तानात जाऊन आलेला, तासभर बसली आणि काही न बोलता गेली. खिडकीजवळच्या बाई उठल्या आणि भावाचं नाव घेऊन बसल्या. बस, नाव.

फलक सुचवणाऱ्या तरुणांपैकी एकजण नंतर यायचा थांबला. त्याचं म्हणणं, हे भित्रेपण आहे, त्याला तुम्ही विवेक म्हणता. तो पूर्ण चुकीचा होता असं मला आजही म्हणवत नाही.

कारण या पद्धतीचा वेग. त्याबद्दल पुस्तकांत गोड लिहितात, मी लिहिणार नाही. १६८८ साली पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चार क्वेकरांनी गुलामगिरीविरुद्ध अर्ज लिहिला. स्थानिक सभेला तो फार जड वाटला, वर पाठवला. वरच्यांनी आणखी वर. तिथे तो बाजूला ठेवला. पेन्सिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनकडेच गुलाम होते. १७३८ मध्ये बेंजामिन ले नावाचा जेमतेम चार फूट उंचीचा, कुबड असलेला क्वेकर बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत कोटाआड सैनिकी पोशाख घालून गेला. पोखरलेल्या पुस्तकात त्यानं लाल फळांच्या रसाची पिशवी लपवली होती. भाषण करत त्यानं तलवार पुस्तकात खुपसली, आणि गुलाम बाळगणाऱ्या प्रतिष्ठितांच्या अंगावर ते ‘रक्त’ उडालं. त्याला पंथातून काढलं. १७५८ मध्ये त्याच वार्षिक सभेनं गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांवर कारवाई करायचं ठरवलं. म्हाताऱ्या बेंजामिनला ते कळलं, आणि पुढच्याच वर्षी तो गेला. गुलाम बाळगणाऱ्याला पंथात जागा नाही हे ठरायला १७७६ उजाडलं. अर्जापासून ८८ वर्षं. ठरलं ते पक्कं ठरलं आणि त्यानंतर ब्रिटनमध्येही गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीचा कणा क्वेकरच होते, हे खरं. पण त्या ८८ वर्षांत जे गुलाम जन्मले आणि मेले, त्यांना आमच्या ‘होप सो’चं काय?

एवढं सांगून युद्धाकडे परत येते, कारण तिथे ही सवय कशी कामाला येते ते दिसतं.

तुमच्यापासून दीड-दोन तासांवर रिचमंडचा किल्ला आहे. १९१६ मध्ये ब्रिटननं सक्तीची लष्करभरती आणली. कायद्यात सदसद्विवेकाची सवलत होती, पण ती द्यायची की नाही हे स्थानिक न्यायमंडळं ठरवत. सोळा जणांनी लष्कराचं कुठलंच काम करायला नकार दिला, त्यांना या किल्ल्यात कोंडलं. सगळे क्वेकर नव्हते, मेथडिस्ट होते, समाजवादीही होते. त्यांना फ्रान्सला नेलं, म्हणजे रणभूमीच्या कायद्याखाली नकाराची शिक्षा मृत्यू. जूनमध्ये बूलोनजवळ सैन्यासमोर उभं करून शिक्षा वाचली गेली: गोळ्या घालून मृत्युदंड. वाचणारा थांबला. सरसेनापती हेग यांनी मंजूर केलेला. पुन्हा थांबला. आणि दहा वर्षं सक्तमजुरीत बदललेला. असे एकूण तीसहून अधिक जण होते. किल्ल्याच्या कोठड्यांच्या भिंतींवर त्यांनी पेन्सिलीनं लिहिलेलं अजून आहे.

सगळे क्वेकर तसे वागले नाहीत, हेही सांगायला हवं. लढण्याच्या वयातले सुमारे एक तृतीयांश क्वेकर तरुण सैन्यात गेले. काहींनी मधला मार्ग धरला आणि १९१४ मध्ये निघालेल्या फ्रेंड्स (क्वेकर स्वतःला हेच म्हणवतात) ॲम्ब्युलन्स युनिटमध्ये जखमींना उचललं. त्यावरूनही घराघरांत वाद झाले: जखमी बरे करून पुन्हा खंदकात पाठवणं ही युद्धाला मदत नाही का? मीटिंगांनी सहसा कुणाला हाकललं नाही. ज्याचा त्याचा आतला प्रकाश. युद्ध संपल्यावर हीच मंडळी जर्मनीतल्या भुकेल्या शाळकरी मुलांना जेवण देत होती, म्हणजे काल ज्यांच्याशी युद्ध होतं त्यांच्याच. दुसऱ्या युद्धाआधी नाझींच्या तावडीतून ज्यू मुलांना रेल्वेनं इंग्लंडला आणणाऱ्यांतही क्वेकर पुढे होते. १९४७ चं शांततेचं नोबेल ब्रिटन आणि अमेरिकेतल्या त्यांच्या दोन सेवासंस्थांना मिळालं. अमेरिकेच्या वतीनं गेलेल्या हेन्री कॅडबरींकडे समारंभाला लागणारा शेपटीचा कोट नव्हता. संस्थेच्या कोठारात युरोपातल्या गरजूंसाठी जुने कपडे गोळा केलेले होते, त्यातला एक त्यांनी तेवढ्यापुरता वापरला.

आज काय करतात? कैद्यांबरोबर हिंसेशिवाय भांडण कसं सोडवायचं याच्या कार्यशाळा, ज्या १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका तुरुंगात सुरू झाल्या. जिनिव्हा आणि न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या दाराशी छोटी कार्यालयं, जिथे एकमेकांशी न पटणाऱ्या देशांच्या मुत्सद्द्यांना जेवायला बोलावून, वृत्तपत्रांत न येता, बोलतं करतात. पॅलेस्टाईनमध्ये चेकपोस्टपाशी उभं राहून बघण्याचं काम. लंडनला दर दोन वर्षांनी शस्त्रांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे रस्त्यावरच गोल करून बसतात, रविवारी बसतात तसंच. मी एकदा बसले आहे. डांबर फार गरम होतं, आणि पोलीस अतिशय अदबीनं बाजूला व्हायला सांगत होता. मार्च २०२५ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर मीटिंग हाउसचं दार पोलिसांनी तोडून आत जमलेल्या सहा तरुण स्त्रियांना अटक केली. त्यांच्या गटानं तिथली खोली सभेसाठी घेतली होती. १६७० मध्ये मीटिंग हाउसला सरकारी कुलूप होतं म्हणून रस्त्यावर बोललेल्या विल्यम पेनला पकडलं होतं, त्याची आमच्याकडे त्या रविवारी बऱ्याच जणांना आठवण झाली.

आता आपल्याकडचा धागा. ऑक्टोबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेला आलेले गांधीजी बर्मिंगहॅमला वुडब्रूकमध्ये राहून गेले. जॉर्ज कॅडबरींच्या त्या जुन्या घरात १९०३ पासून क्वेकरांचं अभ्यासकेंद्र होतं. दांडीयात्रेआधी व्हाइसरॉय आयर्विनना लिहिलेलं पत्र त्यांनी मुद्दाम रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या तरुण इंग्रज क्वेकरच्या हाती पाठवलं. आणि तुम्हाला ऐकून गंमत वाटेल, शेफील्डजवळच्याच मेक्सबरो या खाणगावात १९०५ साली जन्मलेल्या मार्जरी साइक्स १९२८ मध्ये मद्रासला शिकवायला गेल्या, तिथेच क्वेकर झाल्या, शांतिनिकेतनात राहिल्या आणि मग कित्येक वर्षं वर्ध्याला सेवाग्राममध्ये गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीचे शिक्षक घडवत होत्या. पुढे होशंगाबादजवळच्या (त्याचं नाव आता नर्मदापुरम) रसूलियाच्या केंद्रातही त्या राहिल्या. इटारसीवरून दिल्लीला जाताना नर्मदेच्या अलीकडे ते गाव लागतं. तिथल्या फ्रेंड्स रूरल सेंटरनं आणि किशोर भारती संस्थेनं १९७२ मध्ये सोळा शाळांत मुलांना स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकवायला सुरुवात केली होती. त्या भागात क्वेकरांच्या मीटिंगा आजही आहेत.

धर्मांतराचं विचारलंत. पाणी शिंपडणं नाही, कुठल्या वचनावर सही नाही. वर्षानुवर्षं नुसते येत राहणाऱ्यांना ‘अटेंडर’ म्हणतात. मी स्वतः काही वर्षं तशीच होते. सभासद व्हायचंच असेल तर पत्र लिहायचं, मग दोघं भेटायला येतात आणि गप्पा मारतात. इथल्या मीटिंगांत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे आहेत, बौद्ध वळणाचे आहेत, देव न मानणारेही आहेत. माझ्या घरी देव्हारा आहे, गौरी बसतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हे ब्रिटनचं चित्र. जगातल्या चारेक लाख क्वेकरांपैकी सगळ्यात जास्त केनियात आहेत, आणि तिथे पाद्री असतो, प्रवचन असतं, गाणं तर असं की छप्पर उडावं. ऑफिसात कुणी केनियन सहकारी ‘मी क्वेकर’ म्हणाला तर त्याच्याकडून गप्प बसायची अपेक्षा धरू नका.

रविवारसाठी चार गोष्टी. कपडे रोजचे. मोबाइल बंद, नुसता सायलेंट नको, कारण त्या खोलीत थरथरसुद्धा गडगडते. आणि ‘शेअर्ड लंच’ असेल तर घाबरू नका, ती आपली अंगतपंगत. काहीतरी करून न्या, पण समोर चिठ्ठी लावा. मी एकदा साबुदाण्याची खिचडी नेली आणि शेंगदाण्याचं कूट लिहायला विसरले, तेव्हापासून माझ्या डब्यापाशी दोघी नियमानं थांबून विचारतात. शेवटी हस्तांदोलन झालं की पहिल्यांदा आलेल्यांना नाव सांगायला सांगतील. नाव सांगितलंत की झालं, कुठून आलात, काय वाटलं, यातलं काही तेव्हाच बोलावं लागत नाही. ते चहाच्या वेळी तुमच्या आजीच काढून घेतील.